डॉक्टरांचा इशारा आणि कानझडपांची टोपी : नौदल छात्र जोसेफ रीव्ह्ज यांच्या निर्णयाचा प्रकरण अभ्यास

प्रकरण थोडक्यात

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, सेव्हर्न नदीच्या काठी ॲनापोलिस येथे, अमेरिकी नौदलाची अकादमी आहे. तेथे शेवटच्या वर्षाला असलेले जोसेफ मेसन रीव्ह्ज हे छात्र १८९३ च्या फुटबॉल हंगामाच्या अखेरीस एका पेचात सापडले. खेळताना त्यांच्या डोक्याला बरेच मार बसले होते, आणि आणखी एक लाथ बसली तर मृत्यू ओढवेल किंवा तत्क्षणी वेड लागेल, असे नौदलाच्या डॉक्टरांनी त्यांना बजावले. समोर २ डिसेंबरचा सामना होता आणि गाठ वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीच्या संघाशी होती. रीव्ह्ज यांनी खेळ सोडला नाही, पण डॉक्टरांचे म्हणणे कानाआडही टाकले नाही. गावातील जोडे शिवणाऱ्या एका कारागिराकडून त्यांनी मोलस्किन नावाच्या जाड कापडाची, कानांवर झडपा असलेली टोपी शिवून घेतली आणि ती घालून ते मैदानात उतरले. अमेरिकी फुटबॉलमधील शिरस्त्राणाचा इतिहास सहसा या टोपीपासून सांगितला जातो.

ही हकिकत बहुतेक ठिकाणी एका ओळीत, कौतुकाने सांगितली जाते आणि तिथेच संपते. मला ती तेवढ्यावर सोडावीशी वाटत नाही. एकवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने वैद्यकीय इशाऱ्याला दिलेले हे उत्तर कितपत योग्य होते, त्याच्या हातात आणखी काय होते, आणि हाच माणूस पुढे अधिकारपदावर गेल्यावर धोक्याला कसा सामोरा गेला, या तीन प्रश्नांच्या आधारे हे प्रकरण येथे तपासले आहे.

तेव्हाचा खेळ

रीव्ह्ज यांचा निर्णय समजून घ्यायचा तर आधी १८९३ सालचे अमेरिकी फुटबॉल डोळ्यांसमोर आणले पाहिजे. रग्बीतून निघालेल्या या खेळात अकरा अकरा खेळाडूंचे संघ पंचेचाळीस मिनिटांचे दोन डाव खेळत. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकता आले नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे जाई. चेंडू पुढच्या दिशेने हाताने फेकण्यास मनाई होती, त्यामुळे पुढे जाण्याचा मुख्य मार्ग एकच उरे, तो म्हणजे चेंडू घेतलेल्या गड्याभोवती आपली माणसे गोळा करून समोरच्या रांगेत घुसणे. पाच यार्ड हे अंतर फार नाही. तेवढ्यासाठी कोणी लांब वळसा घालून पळत नसे. माणसांच्या ओझ्याने समोरची फळी फोडणे हेच फायद्याचे होते. खेळातली हिंसा खेळाडूंच्या स्वभावात शोधणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात घ्यायला हवा, कारण ती नियमांतून आपोआप उगवत होती.

त्यातच १८९२ च्या नोव्हेंबरात येलविरुद्धच्या सामन्यात हार्वर्डने 'फ्लाइंग वेज' नावाची चाल आणली. बुद्धिबळाची आवड असलेल्या आणि स्वतः कधी हा खेळ न खेळलेल्या लॉरिन डीलंड यांनी ती रचली होती. खेळाडूंच्या दोन रांगा दुरून धावत येत, पाचरीच्या आकारात एकत्र होत आणि चेंडू घेतलेल्या गड्याला मध्ये घेऊन प्रतिपक्षाच्या एकाच माणसावर आदळत. वर्षभरात ही चाल आणि तिच्या नकला देशभर पसरल्या. १८९३ चा हंगाम नेमका त्या लाटेतला होता, आणि तिला आवर घालणारे नियम १८९४ मध्ये झाले. रीव्ह्ज टॅकलच्या जागी, म्हणजे रांगेत समोरासमोर भिडणाऱ्या फळीत, खेळत. या फळीतल्या माणसाला प्रत्येक चालीत अंगावर अंग घ्यावे लागे, आणि ढिगाऱ्याखाली पडल्यावर कोणाचा बूट कुठे लागतो याला काही धरबंद नसे.

डोक्याच्या रक्षणासाठी खेळाडू काय करत? बरेचजण केस वाढवत, आणि दाट केसांची गादी मार झेलील अशी त्यांची समजूत होती. नाकावर बांधायचे रबरी कवच तेव्हा निघाले होते, मांड्यांना अस्तर भरलेल्या विजारी होत्या आणि अंगात कॅनव्हासची घट्ट जाकिटे असत. डोके मात्र उघडे होते. बदली खेळाडू सहसा येत नसे आणि बाहेर गेलेल्याला परत येता येत नसे, त्यामुळे गरगरत असतानाही उभे राहून खेळत राहणे हीच रीत पडली होती.

लष्कर आणि नौदल या दोन अकादम्यांचा सामना तर वेगळ्याच इरेचा असे. पहिला सामना २९ नोव्हेंबर १८९० रोजी वेस्ट पॉइंटला झाला. डेनिस मिकी या छात्राने जुळवाजुळव करून उभ्या केलेल्या लष्कराच्या नवख्या संघाला नौदलाने २४–० असे हरवले. दुसऱ्या वर्षी लष्कराने ॲनापोलिसला येऊन ३२–१६ अशी परतफेड केली आणि १८९२ मध्ये नौदलाने वेस्ट पॉइंटला १२–४ असा विजय मिळवला. चार वर्षांत या सामन्याला एवढे महत्त्व आले की दोन्ही सेवांचे वरिष्ठ अधिकारी निकालावर मानापमान मोजू लागले. शेवटच्या वर्षाच्या छात्राला पुढच्या खेपेस खेळण्याची संधीही नव्हती, कारण १८९४ मध्ये पदवी घेऊन तो समुद्रावर जाणार होता.

इशाऱ्यापुढचे मार्ग

रीव्ह्ज इलिनॉयमधील टॅम्पिको या छोट्या गावचे होते. त्यांचा जन्म २० नोव्हेंबर १८७२ चा, म्हणजे या सामन्याच्या दोनच आठवडे आधी त्यांना एकविसावे वर्ष पूर्ण झाले होते. (पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन यांचाही जन्म याच टॅम्पिकोत झाला.)

त्यांच्यासमोर सरळ दिसणारे दोन मार्ग होते. एक, खेळ कायमचा सोडून द्यायचा. दुसरा, डॉक्टर असे बोलतच असतात असे म्हणून उघड्या डोक्याने उतरायचे, आणि त्या काळातल्या बहुसंख्य खेळाडूंनी हाच मार्ग धरला असता. तिसराही मार्ग होता: काही दिवस पूर्ण विश्रांती घेऊन हा एक सामना सोडायचा. आज कोणीही तोच सुचवील, पण तेव्हा डोक्याच्या माराला विश्रांती हा उपचार म्हणून खेळाडूंच्या जगात रुजलेला नव्हता. हाड मोडले तर ते दिसे, लंगडणारा माणूस दिसे. ज्याचा मेंदू दुखावला आहे तो मात्र चालताबोलता दिसत असल्याने त्याला कोणी आजारी धरत नसे.

रीव्ह्ज यांनी काढलेला चौथा मार्ग इशाऱ्याच्या शब्दांना धरून होता. डोक्यावर लाथ बसता कामा नये हे डॉक्टरांचे म्हणणे त्यांनी शब्दशः घेतले, आणि लाथ व कवटी यांच्यामध्ये काहीतरी घालता येईल का असा प्रश्न स्वतःला विचारला. जोडे शिवणाऱ्याकडे जाण्यात व्यवहारज्ञान होते. जाड माल माणसाच्या अवयवाच्या आकारात कापणे, वळवणे, टाके घट्ट घालणे आणि घालणाऱ्याला काचणार नाही असे बेतणे हे काम गावात त्याच्याइतके चांगले कोणाला येणार? काही कथनांत ती टोपी कातड्याची असल्याचे म्हटले आहे, काहींत मोलस्किनची. मोलस्किन म्हणजे घट्ट विणीचे, एका बाजूने लवदार, मऊ आणि तरीही चिवट असे सुती कापड. टोपी कशाचीही असो, तिच्या दोन्ही बाजूंच्या झडपा कानांवर येत, म्हणजे कानशिलेही झाकली जात. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो, कारण ढिगाऱ्याखाली कुशीवर पडलेल्या माणसाला बूट लागतो तो बहुधा कानशिलावरच. टोपी शोभेसाठी किंवा घाबरून केलेली असती तर ती नुसती डोक्यावर बसणारी झाली असती; ही मार कुठे बसतो याचा विचार करून बेतलेली होती.

या निर्णयात संस्थेचे स्थान काय होते, हेही पाहायला हवे. लष्करी शिस्तीच्या अकादमीत छात्राने किती वाजता उठावे, कसे उभे राहावे, काय खावे हे ठरलेले होते, पण डॉक्टरांनी एवढा गंभीर इशारा दिल्यावरही त्याने सामना खेळावा की नाही हा प्रश्न अखेर त्याच्यावरच सोडला गेला. सल्ला आणि मनाई यांत फरक असतो. डॉक्टरांचे शब्द कितीही कठोर असले तरी ते सल्ल्याच्या पातळीवर राहिले, आणि ज्या निर्णयात वैद्यकीय मताला शेवटचा शब्द असायला हवा होता तो निर्णय, ज्याला खेळायची सर्वाधिक ओढ होती त्याच मुलाच्या पदरात पडला. या प्रकरणातला सर्वांत मोठा दोष मी येथे पाहतो, रीव्ह्ज यांच्या वागण्यात नव्हे.

सामना आणि त्याचे पडसाद

२ डिसेंबर १८९३ रोजी ॲनापोलिसला, अकादमीच्या वर्डेन मैदानावर, नौदलाने ६–४ असा निसटता विजय मिळवला. त्या काळी टचडाउनचे, म्हणजे चेंडू प्रतिपक्षाच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेल्याचे, चार गुण मिळत आणि त्यानंतर लाथेने केलेल्या गोलचे दोन, म्हणजे या सामन्याचा फैसला त्या दोन गुणांनी केला. रीव्ह्ज सुखरूप बाहेर आले.

सामना संपल्यावर प्रेक्षकांतल्या एका रिअर ॲडमिरल आणि एका ब्रिगेडियर जनरल यांच्यात इतकी खडाजंगी झाली की गोष्ट द्वंद्वयुद्धाच्या आव्हानापर्यंत गेली, असे सांगतात. त्या कथेत भर किती हा भाग सोडला तरी पुढे जे घडले ते निश्चित आहे. अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या मंत्रिमंडळापर्यंत विषय गेला, दोन्ही संघांना आपापल्या मैदानाबाहेर खेळण्यास बंदी झाली आणि हा सामना १८९९ पर्यंत झालाच नाही. मैदानावर डोकी फुटत असताना न हाललेली यंत्रणा प्रेक्षागृहातल्या भांडणाने मात्र हालली.

टोपीने काय साधले

आता मुख्य मुद्दा. रीव्ह्ज वाचले, पंचाहत्तर वर्षे जगले, ॲडमिरल झाले आणि अखेरपर्यंत त्यांची बुद्धी तल्लख राहिली. यावरून टोपीचा निर्णय योग्य ठरतो का? निकाल चांगला लागला म्हणून आधीचा निर्णय शहाणपणाचा मानण्याची चूक अशा प्रकरणांत हमखास होते. त्या दिवशी त्यांच्या डोक्यावर जोराची लाथ बसलीच नसेल तर टोपीची परीक्षाही झाली नाही, आणि मग तिला श्रेय देण्यात अर्थ नाही.

वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर त्या टोपीची मर्यादा उघड आहे. मेंदू कवटीत द्रवाने वेढलेला असतो आणि आघाताने तो आत हलतो, पिळला जातो. डोके गर्रकन फिरले की हा पिळ सर्वांत जास्त पडतो. शिरस्त्राण कवटीला तडा जाण्यापासून, कातडी फाटण्यापासून, कानांच्या जखमांपासून पुष्कळ रक्षण करते, पण आतल्या हालचालीला ते थोडेच थोपवू शकते. डोक्याला प्रत्यक्ष काही न लागता खांद्यावर बसलेल्या धडकेनेही मेंदू दुखावू शकतो. आधीचा मार भरून येण्यापूर्वी दुसरा बसला तर क्वचित प्रसंगी मेंदूला अशी सूज येते की माणूस काही मिनिटांत दगावतो, हे आज ठाऊक आहे. म्हणजे 'आणखी एक' हा डॉक्टरांच्या इशाऱ्यातला गाभा बरोबर होता, जरी 'तत्क्षणी वेड' ही भाषा त्या काळच्या वैद्यकाची असली तरी. रीव्ह्ज यांनी इशाऱ्यातली 'लाथ' ऐकली आणि तिचा बंदोबस्त केला. 'आणखी' या शब्दात दडलेली गोष्ट, म्हणजे इजा आधीच झालेली आहे ही, टोपीच्या आवाक्यातली नव्हती.

तरीही त्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. त्यांच्या अधिकारात काय होते ते पाहा. पुढे पास देण्याची परवानगी ते देऊ शकत नव्हते, पाच यार्डांचे दहा करू शकत नव्हते, पाचरीच्या चालींवर बंदी घालू शकत नव्हते. एका छात्राची सत्ता त्याच्या स्वतःच्या डोक्यापुरती होती आणि तेवढ्या सत्तेत जे करता येईल ते त्यांनी केले.

नियम बदलण्याची सत्ता ज्यांच्याकडे होती त्यांनी किती वेळ लावला हे पुढच्या घटनांवरून दिसते. १९०५ च्या हंगामात अठरा खेळाडू मेल्याची मोजदाद वृत्तपत्रांत आली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले, आणि १९०६ पासून पुढे पास करण्यास मुभा मिळाली, पाच यार्डांच्या जागी दहा यार्ड आले. तेवढ्याने भागले नाही. १९०९ च्या एकाच हंगामात नौदल अकादमीच्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चाल सुरू करणाऱ्या खेळाडूच्या, मानेला प्राणघातक इजा झाली आणि वेस्ट पॉइंटचा एक छात्र हार्वर्डविरुद्धच्या सामन्यात जबर जखमी होऊन दगावला. त्या वर्षी लष्कर आणि नौदल यांचा सामना झाला नाही. शिरस्त्राण महाविद्यालयीन खेळात सक्तीचे झाले ते १९३९ मध्ये आणि एनएफएल या व्यावसायिक संघांच्या स्पर्धेत १९४३ मध्ये, म्हणजे ॲनापोलिसच्या त्या सामन्यानंतर अनुक्रमे सेहेचाळीस आणि पन्नास वर्षांनी.

यापुढचा टप्पा या प्रकरणाच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. कातड्याच्या जागी कठीण प्लास्टिक आले, तोंडापुढे जाळी आली, आणि डोके सुरक्षित वाटू लागताच खेळाडू डोकेच पुढे करून धडकू लागले. रक्षणासाठी आणलेली वस्तू हत्यार झाली. १९६८ मध्ये या खेळात थेट इजेने छत्तीस जण मेले. त्यानंतर शिरस्त्राणांसाठी दर्जा ठरवणारी संस्था उभी राहिली, पण मानेच्या इजांना खरा उतार पडला तो १९७६ मध्ये डोके पुढे करून धडकण्यास बंदी आल्यावर. त्या वर्षी मानेच्या इजेने हातपाय कायमचे लुळे पडण्याच्या चौतीस घटना नोंदल्या गेल्या होत्या. पुढच्या वर्षी त्या अठरा झाल्या. थेट इजेने एकही मृत्यू न झालेले पहिले वर्ष उजाडायला १९९० साल यावे लागले. मेंदूवर वारंवार बसणाऱ्या छोट्या धक्क्यांचा दूरगामी परिणाम तर याहूनही उशिरा, म्हणजे डॉ. बेनेट ओमालू यांनी २००२ मध्ये माइक वेबस्टर या माजी व्यावसायिक खेळाडूच्या मेंदूची तपासणी केली तेव्हापासून, सर्वांसमोर येऊ लागला. त्या आजाराला कोणतेही शिरस्त्राण पुरे पडलेले नाही.

श्रेय कोणाचे

शिरस्त्राणाच्या शोधाचा दुसरा दावा पेन्सिल्व्हेनियातील लाफायेट महाविद्यालयाचे जॉर्ज बार्क्ले यांच्या नावे सांगितला जातो. ढिगाऱ्यात घासून कान सुजून वेडेवाकडे होऊ नयेत म्हणून त्यांनी १८९६ मध्ये पट्ट्यांचे एक साधन करून घेतले. दोन्ही दावे खरे असायला अडचण नाही. एकाने प्राणभयातून केले, दुसऱ्याने कानांच्या काळजीतून, आणि दोघेही तयार वस्तू मिळत नाही म्हणून कारागिराकडे गेले.

सत्ता हाती आल्यावर

रीव्ह्ज यांचे पुढचे आयुष्य या प्रकरणात आणण्याचे कारण एवढेच की, धोक्याकडे पाहण्याची त्यांची पद्धत तेथे मोठ्या प्रमाणावर पाहता येते. पदवीनंतर ते अभियंता अधिकारी झाले. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध पेटण्याच्या बेतात असताना 'ओरेगॉन' ही युद्धनौका सॅन फ्रान्सिस्कोहून निघाली आणि दक्षिण अमेरिकेला वळसा घालून, सुमारे चौदा हजार मैलांचे अंतर कापून अटलांटिकमध्ये आली. पनामाचा कालवा तेव्हा नव्हता. रीव्ह्ज त्या नौकेवर होते. ३ जुलैच्या, क्युबातील सांतियागोच्या लढाईत वाफेचा पूर्ण दाब ठेवून 'ओरेगॉन'ने पळणाऱ्या स्पॅनिश जहाजांना गाठले. याच मोहिमेत दोन दिवस आधी जमिनीवरच्या लढाईत डेनिस मिकी, लष्करी अकादमीचा पहिला संघ उभा करणारे, मारले गेले.

१९०७ मध्ये रीव्ह्ज नौदल अकादमीच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. नऊ विजय, दोन पराभव आणि एक बरोबरी असा तो हंगाम गेला व लष्करावर ६–० असा विजय मिळाला. नवे नियम लागू होऊन तेव्हा जेमतेम दोन हंगाम झाले होते. रांगेत घुसण्यात मार खाल्लेल्या माणसाच्या हाती, चेंडू मोकळ्या मैदानात फेकता येणारा खेळ आला होता.

त्यांचे खरे कर्तृत्व मात्र विमानवाहू नौकांच्या संदर्भात आहे, आणि त्यावर थोडे थांबायला हवे. १९१३ मध्ये ते 'जुपिटर' या कोळसावाहू जहाजाचे पहिले कमांडर झाले. अमेरिकी नौदलातले विजेवर चालणारे हे पहिले मोठे जहाज होते. पुढे त्यावर सपाट डेक चढवून १९२२ मध्ये तेच जहाज 'लँग्ली' या नावाने अमेरिकेची पहिली विमानवाहू नौका म्हणून दाखल झाले. १९२५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षाच्या आसपास, रीव्ह्ज यांनी नौदल हवाई निरीक्षकाचे शिक्षण पूर्ण केले आणि ते युद्ध-ताफ्याच्या विमान तुकड्यांचे प्रमुख म्हणून त्याच जहाजावर परतले.

तेव्हा 'लँग्ली'वरून आठच विमाने चालवली जात. डेक अपुरे, उतरणारे विमान घसरले तर पुढच्या विमानांवर आदळण्याची भीती, म्हणून एक उतरले की ते खाली नेईपर्यंत दुसऱ्याने हवेत घिरट्या घालत राहायचे. धोका खरा होता आणि वैमानिकांची सावधगिरी रास्त होती. रीव्ह्ज यांनी सॅन दिएगोला अधिकाऱ्यांना एकत्र बसवून त्यांच्यासमोर प्रश्नांची रास ओतली. ते भाषण पुढे 'एक हजार एक प्रश्न' म्हणून ओळखले गेले. किती विमाने एका वेळी उडू शकतील, किती सेकंदांच्या अंतराने उतरू शकतील, बाँब कसा टाकला तर तो जहाजावर बसेल, लढाऊ विमानांचे काम नेमके काय, यांतल्या बहुतेकांची उत्तरे तेव्हा कोणाकडेच नव्हती. विमाने हलवण्यासाठी वेगळ्या तुकड्या नेमल्या गेल्या. उतरलेल्या विमानाला पुढच्या विमानांपासून वेगळे ठेवणारा तारांचा अडथळा डेकवर उभारला गेला, त्यामुळे उतरलेली विमाने पुढच्या भागात उभी ठेवून मागे दुसरी उतरवता येऊ लागली. आठांची चौदा झाली आणि पुढे त्याच डेकवरून बेचाळीस विमाने चालवून दाखवली गेली.

येथे धोक्याचे उत्तर एका वैमानिकाच्या अंगावर काही चढवून दिलेले नाही. सारी कामाची पद्धतच बदलली, कारण आता ती बदलण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. १८९३ चा छात्र आणि १९२५ चा अधिकारी यांची बुद्धी एकाच घडणीची आहे: भीती सांगितली गेली की तिचे तुकडे करायचे, तिच्यातले काय थोपवता येईल ते शोधायचे आणि तसे साधन उभे करायचे. फरक पडला तो त्या बुद्धीला मिळालेल्या आवाक्यात.

या पद्धतीचे फळ लवकरच दिसले. २२ ऑक्टोबर १९२६ रोजी सॅन पेद्रोहून निघालेल्या ताफ्यावर त्यांच्या लढाऊ विमानांनी बारा हजार फुटांवरून जवळजवळ सरळ खाली सूर मारून लुटुपुटीचा हल्ला केला. हल्ला होणार याची वेळेसह पूर्वसूचना ताफ्याला दिलेली होती, तरीही बचाव करणाऱ्यांना काही करता आले नाही. १९२९ च्या जानेवारीतल्या नौदल सरावात 'सॅराटोगा' ही नवी विमानवाहू नौका ताफ्यापासून वेगळी काढून, सोबत एकच क्रूझर देऊन, दक्षिणेकडून दूरचा वळसा घालत पाठवण्यात आली. २६ जानेवारीच्या पहाटे तिच्यावरून सुमारे सत्तर विमाने उडाली आणि त्यांनी पनामा कालव्याच्या जलद्वारांवर कागदोपत्री यशस्वी हल्ला केला. परतीच्या वाटेवर पंचांनी 'सॅराटोगा'ही बुडाल्याचे जाहीर केले, हेही येथे सांगितले पाहिजे. पण विमानवाहू नौका स्वतंत्रपणे, दूरवरून, अचानक आघात करू शकते हे त्या पहाटे सिद्ध झाले. १९३४ मध्ये रीव्ह्ज संपूर्ण अमेरिकी ताफ्याचे सरसेनापती झाले आणि १९३६ मध्ये निवृत्त झाले.

इशाऱ्यांची चौकशी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांना पुन्हा सेवेत बोलावण्यात आले. हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर या नौदल तळावर ७ डिसेंबर १९४१ रोजी झालेल्या जपानी हल्ल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ओवेन रॉबर्ट्स यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी आयोगाचे ते एक सदस्य होते. तेथील प्रश्न त्यांच्या आयुष्यातल्या जुन्या प्रश्नाच्या जवळचा होता: इशारा मिळालेला असताना जबाबदार माणसांनी काय केले? २७ नोव्हेंबरला वॉशिंग्टनहून युद्धाचा इशारा गेला होता. हवाई बेटांवरील लष्करप्रमुख जनरल वॉल्टर शॉर्ट यांनी तो दुर्लक्षिला नव्हता. घातपाताचा धोका आहे असे समजून त्यांनी विमाने पहारा ठेवायला सोपी जावीत म्हणून धावपट्ट्यांवर जवळजवळ उभी करून ठेवली. वरून येणाऱ्या शत्रूला नेमकी तीच रचना सोयीची ठरली. इशाऱ्यातला आपल्याला दिसलेला भाग घ्यायचा, त्यावर प्रामाणिकपणे उपाय करायचा आणि उरलेला भाग नजरेआड राहायचा, हे येथेही घडले होते.

१९४२ च्या जानेवारीत आयोगाने शॉर्ट आणि तेथील नौदल ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल हसबंड किमेल या दोघांवर कर्तव्यात कसूर केल्याचा ठपका ठेवला. या निष्कर्षावर मला शंका आहे. वॉशिंग्टनला जपानी संदेशांतून कळलेले सर्व काही या दोघांपर्यंत पोहोचवले गेले नव्हते, आणि आरोपीला मिळणारी बचावाची संधीही त्यांना मिळाली नाही. दूरच्या धोक्याचे आकलन ज्याच्या हाती अपुऱ्या माहितीनिशी सोपवले गेले आहे, त्याच्याविषयी १८९३ च्या छात्राने अधिक समजूत दाखवावी अशी माझी अपेक्षा असते. पण पनामावर पहाटेचा हल्ला करून दाखवलेल्या माणसाला, हवाई बेटांवरच्या अधिकाऱ्यांना तो सुचू नये हे सहन होणे कठीण गेले असणार. १९४४ मध्ये नौदलाच्या चौकशी न्यायालयाने किमेल यांच्यावर कर्तव्यच्युतीचा ठपका ठेवण्यास नकार दिला. रॉबर्ट्स आयोगाच्या अहवालावरची रीव्ह्ज यांची सही तशीच राहिली, आणि २५ मार्च १९४८ रोजी त्यांचे निधन झाले.